आडवा व्हिडिओ, उभा व्हिडिओ आणि चाळीस सेकंद

माझ्या भाचीने विचारलं, "व्हर्टिकल करायचा की हॉरिझॉन्टल?" आणि आमच्या रेडिओ क्लबातले काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "हॉरिझॉन्टलच. व्हर्टिकल लावायला गच्चीवर जागा कुठाय?"

भाची व्हिडिओबद्दल विचारत होती, काका अँटेनाबद्दल सांगत होते. दोघांनाही आपलं बोलणं समोरच्याला कळलंय असं वाटत होतं. पाच मिनिटं तशीच गेली. भाची म्हणाली, "पण आजकाल सगळे उभाच बघतात." काका म्हणाले, "बघू देत. आडव्याची रेंज वेगळी असते." मग मी मध्ये पडले. मध्ये पडले म्हणजे काय, मलाही दोघांचं अर्धंअर्धंच कळत होतं.

आमचा क्लब हॅम रेडिओवाल्यांचा. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरच्या वायरलेस सेटवरून जगात कुठेही बसलेल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं, असा हा छंद. गाणी लावायची नाहीत, धंदा करायचा नाही. नुसतं बोलायचं. कल्याणला एका सभासदाच्या इमारतीत गच्चीवरची खोली आम्हाला वापरायला मिळाली आहे. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. जमतो म्हणजे पाच-सहा जण. वहीत नावं बरीच आहेत, पण काही परदेशी मुलांकडे गेलेत, काहींचे गुडघे जिना चढत नाहीत, आणि हा व्हिडिओ केला त्या वर्षी तर दोघं वारलेच. रोज सकाळी आमचे सेक्रेटरी हवेवर, म्हणजे रेडिओवरूनच, हजेरी घेतात. एकेकाला हाक मारायची आणि त्याने "हजर" म्हणायचं, एवढंच. त्या दोघांच्या जागी आता कोणी बोलत नव्हतं. सेक्रेटरी त्यांची नावं गाळून पुढे जायचे, पण गाळताना अर्धा श्वास थांबायचे. तो अर्धा श्वास आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा.

एका रविवारी ते म्हणाले, "नवीन माणसं आणायला पाहिजेत. एक व्हिडिओ करूया." ते ठाण्याला एका कंपनीत नोकरीला आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीचा आराखडा लागतो. मी सहज म्हणाले, "माझी भाची असलीच कामं करते." म्हटलं आणि फसले. काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. या रेडिओच्या नादाला लागले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. भंगारात जाणारा एक जुना रिसीव्हर दुरुस्त करून बघताना खरखरीतून एक माणूस बोलताना ऐकू आला. तो कुठला होता, कोणती भाषा बोलत होता, काही कळलं नाही. पण बोलता बोलता तो खोकला. त्या खोकल्याने मी जागच्या जागी थांबले. इतक्या लांबचा माणूस, आणि खोकला अगदी शेजारच्या खोलीतला. एवढ्या कारणावरून मी अभ्यास केला, परीक्षा दिली. आता हे कारण व्हिडिओत कसं दाखवायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

भाचीने मला बसवून प्रश्न विचारले. "मावशी, कोणाला बोलवायचंय तुम्हाला? कॉलेजची मुलं, रिटायर्ड लोक, गृहिणी? एकदा ठरलं की फॉरमॅट ठरतो."

"कोणीही येऊ दे गं."

"कोणीही असं नसतं ना मावशी. मुलं रील बघणार, तीस सेकंद. रिटायर्ड लोक फॉरवर्ड बघणार, दोन मिनिटं. शाळेत दाखवायचं तर मोठी फिल्म."

"मग तिन्ही करूया?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी प्रयोगशाळेत चुकीच्या टोकाला वायर जोडणाऱ्या मुलाकडे बघते.

शेवटी तिन्ही केले. काकांचा मात्र तिन्हींना विरोध होता. काका पूर्वी रेल्वेच्या तारखात्यात होते, टिटवाळ्याला राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मोर्सच्या कडकट्टवर, म्हणजे तार पाठवायच्या खटक्यावर, त्यांची बोटं अजून अशी चालतात की बघत राहावं. ते म्हणाले, "रेडिओ ही ऐकायची गोष्ट आहे. तिचं चित्र कशाला? नुसता आवाज पाठवा लोकांना." सेक्रेटरी म्हणाले, "काका, नुसत्या आवाजावर आजकाल कोणी थांबत नाही." काका म्हणाले, "न थांबणारी माणसं आपल्याला हवीतच कशाला?" मला दोघांचंही पटत होतं.

शूटिंग दोन रविवार चाललं. भाचीने गच्चीवरची अँटेनाची तार, काकांची बोटं, जुने सेट, भिंतीवरचा जगाचा नकाशा, सगळं टिपलं. मग माझी पाळी आली. मी माइक घेतला आणि "कोणी ऐकतंय का" अशी आमच्या पद्धतीची हाक घातली. हाक घालायची, थांबायचं, पुन्हा घालायची. त्या दिवशी हवा बरी नव्हती. मी हाक घातली, खरखर. पुन्हा घातली, खरखर. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा खूप खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका माणसाचा आवाज आला. तो मस्कतहून बोलत होता. माझं नाव त्याने दोनदा चुकीचं घेतलं आणि तिसऱ्यांदा बरोबर. मला झालेला आनंद कॅमेऱ्यात आलाय. तो मला स्वतःलाच बघवत नाही, इतका उघडा आहे.

संपादन करताना भाची म्हणाली, "मावशी, इथे चाळीस सेकंद काहीच होत नाहीये. तू हाक मारतेस आणि नुसता आवाज, शूऽऽऽ. हे कापते."

"कापू नकोस."

"रीलमध्ये पहिल्या तीन सेकंदांत काही तरी झालं पाहिजे गं. नाही तर माणूस अंगठ्याने वर ढकलतो."

"पण ते थांबणं म्हणजेच..." मी म्हणाले आणि वाक्य पुढे सुचेना. थांबणं म्हणजेच काय? मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. तिने मोठ्या फिल्ममध्ये चाळीस सेकंद ठेवले, छोट्यांतून कापले. रीलमध्ये मी तोंड उघडते न उघडते तोच मस्कतचा माणूस उत्तर देतो, जणू तो फोन हातात धरून बसलाच होता. ते बघताना मला आपण खोटं बोललो असं वाटत राहिलं. पण कोणाशी आणि नेमकं काय, ते कळेना.

रील चाललं. बघणाऱ्यांचा आकडा वाढत गेला तसे सेक्रेटरी मला सकाळ-संध्याकाळ फोन करून सांगू लागले. खाली लोकांनी लिहिलं होतं, "एफएमवर नोकरी मिळेल का?" "मोबाइल असताना हे कशाला?" "काकू, तुमची साडी कुठून घेतली?" साडीचा प्रश्न तिघींनी विचारला होता. त्या रविवारी चार नवी माणसं गच्चीवर आली. एकाला कराओकेचा क्लब वाटला होता. एकाला पोलिसांचा वायरलेस ऐकायचा होता. ते बेकायदा आहे म्हटल्यावर तो चहाही न घेता गेला. उरलेल्या दोघांनी भरपूर फोटो काढले, अभ्यासक्रम घेतला, आणि पुढच्या रविवारी आले नाहीत.

मग मोठी फिल्म घेऊन आम्ही कल्याणच्या एका शाळेत गेलो. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, फाइल ओळखता येत नाही. सेक्रेटरींनी आपला लॅपटॉप जोडला तर चित्र आलं, पण आडवं ताणलेलं. काकांचा चेहरा पुरीसारखा पसरला. मुलं इतकी हसली की बाईंना फळ्यावर डस्टर आपटावं लागलं. काका स्वतः पहिल्या बाकावर बसले होते. तेही हसले, पण जरा उशिरा. चाळीस सेकंदांच्या जागी आल्यावर वर्गात कुजबुज सुरू झाली. मागून कोणी तरी म्हणालं, "हँग झालं वाटतं." मला वाटलं, भाची बरोबर होती. परत येताना रिक्षात काका म्हणाले, "तरी मी सांगत होतो, चित्र नको." आणि मला वाटलं, काकाही बरोबर होते.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा. सेक्रेटरींनी सांगितलं, मोठी फिल्मच ग्रुपवर जाऊ दे, पण फाइल फार जड आहे, ती छोटी करून पाठवा. भाची तेव्हा कामासाठी बंगलोरला गेलेली. मी फोनवर एक अ‍ॅप उतरवून घेतलं. त्यात फिल्म टाकल्यावर त्याने मला दहा-बारा पर्याय दाखवले. प्रत्येक पर्याय म्हणजे तीन-चार अक्षरं आणि एखादा आकडा. कॉलेजात मुलांना मी रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्यांची किंमत काढायला शिकवते, पण त्या अक्षरांपुढे मी अगदी अडाणी होते. सर्वांत छोटी फाइल कोणती ते बघितलं आणि त्यावर बोट ठेवलं. झाली. वर लिहिलं, "आमचा व्हिडिओ जरूर पाहा आणि मित्रमंडळींना पाठवा", खाली माझा नंबर, आणि सगळ्या ग्रुपांवर सोडून दिली.

भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले. कोणी लिहिलं, "अप्रतिम चित्रण." एका आतेभावाने लिहिलं, "ताई, फारच सुंदर दिसतेस."

आठवडाभराने दुपारी फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. इतका स्वच्छ की मी आपोआप सरळ बसले.

"नमस्कार. तुम्ही तो रेडिओचा व्हिडिओ पाठवला होता, त्याबद्दल विचारायचं होतं. आमच्या ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर आलाय. सुरुवातीला खूप वेळ कट्-कडकट् आहे. त्यानंतर एक बाई हाका मारतात आणि कोणी उत्तर देत नाही. त्या बाई तुम्हीच ना?"

"हो. कसं ओळखलंत?"

"आवाजावरून. मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. मला एक सांगा मॅडम, तो माणूस जर बोललाच नसता, तर तुम्ही किती वेळ हाका मारल्या असत्या?"

मला कोणीच हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, "अर्धा तास तरी."

"आणि मग?"

"मग चहा करून पुन्हा."

ती हसली. म्हणाली, "मी तो तुकडा कितीदा तरी ऐकला. दर वेळी वाटतं, आता नाही येणार उत्तर."

मी विचारलं, फिल्म कशी वाटली, गच्चीवरचं दृश्य बरं आलंय ना. ती म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार. मला दिसत नाही. जन्मापासूनच. चित्र चांगलंच असेल."

मी अवघडले, काही तरी पुटपुटले, फोन ठेवला, आणि मग पहिल्यांदाच आपण पाठवलेली फाइल उघडली. काळा पडदा. नुसता आवाज. मी चित्र काढून टाकून फक्त आवाज सगळीकडे पाठवला होता, आणि आठ दिवसांत एकाही डोळस माणसाने मला ते सांगितलं नव्हतं. अप्रतिम चित्रण! मी हसत सुटले, आणि हसता हसता लक्षात आलं. म्हणजे कोणीच उघडली नव्हती. एकीनेच उघडली होती, आणि तिला वाटत होतं की चित्र आहे, फक्त ते तिच्यासाठी नाही.

मी तिला परत फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "अरेच्चा! म्हणजे सगळ्यांना माझ्याइतकंच मिळालं."

पुढच्या रविवारी ती ठाण्याच्या बाळकुमहून एकटी आली. पांढरी काठी दुमडून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "इथे चारच जण आहात का? फोनवर सहा म्हणालात." चाळिशीच्या आतबाहेरची असेल. काकांना तर आभाळ ठेंगणं झालं. नुसत्या आवाजावर माणूस आलं होतं, तेही त्यांच्या मोर्सने सुरू होणाऱ्या आवाजावर. त्यांनी तिला समोर बसवून टिंब आणि रेघ शिकवायला घेतली. दोन तास शिकवलं. तिने चटाचटा उचललंही. मग ती म्हणाली, "काका, राग मानू नका. मला हे नाही आवडत."

"नाही आवडत?"

"यात माणूस नाही ऐकू येत. तुम्ही रागावलात की हसलात, मला काय कळणार? मला आवाज पाहिजे, माणसाचा."

काका म्हणाले, "माणूस यातही ऐकू येतो. जरा वेळ लागतो." मग उठून गच्चीवर गेले आणि बराच वेळ तारेचा ताण तपासत राहिले. ताण ठीकच होता. मी त्यांच्यामागे जावं की तिच्यापाशी थांबावं, ते ठरवेपर्यंत ते परत आले आणि मुकाट्याने तिच्या कानाला हेडफोन लावून दिला. "हे मोठं बटण. सावकाश फिरव," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या रविवारी ती अशीच ऐकत बसलेली असताना मी फोन काढला आणि तिचा व्हिडिओ घेतला. दहा सेकंदांचा. फोन उभा धरला होता, हे मात्र आठवतं. तिला विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतेय. विचारलं असतं तर ती बदलली असती, हे एक. आणि दुसरं जरा वाईट आहे. मी काढतेय हे तिला कळणारच नव्हतं.

तो मी सेक्रेटरींना दाखवला आणि ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम, हाच! हाच आपला व्हिडिओ. दुसरं काहीच नको. यांच्यावर पाच मिनिटांची फिल्म करू. बघा कशी माणसं येतात."

त्यांनी तिला पुढच्या भेटीत सरळ विचारलं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हणाली.

"अहो, पण तुमच्यामुळे कितीतरी लोकांना प्रेरणा मिळेल."

"मी अजून काहीच केलेलं नाही सर. परीक्षापण नाही दिली. कसली प्रेरणा? मला दिसत नाही, याची?"

"तसं नाही हो..."

"ज्या गोष्टीत मी कशी दिसते ते मला कधीच कळणार नाही, ती जगभर फिरणार. मला नको."

सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. ती गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, रोज सकाळी हजेरी मी घेतो. तुम्हाला नाही कळणार. अजून दोन वर्षांनी मी एकटाच स्वतःला हजर म्हणेन." त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, तिने हो म्हणायला काय हरकत होती? आणि लगेच तसं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही वाटणं खरं होतं. घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं, कारण तो दहा सेकंदांचा तुकडा माझ्या फोनमध्ये होताच.

चार दिवस मी गप्प राहिले. मग तिच्या बँकेची सुट्टी होती त्या दिवशी बाळकुमला तिच्या घरी गेले. पूर्वी जिथे गावातल्यांची भातशेती होती तिथे आता उंच इमारती झाल्यात. त्यांतल्या एकीत सातव्या मजल्यावर ती आणि तिची आई राहतात. आई मूळची तिथलीच. मी चहा हातात घेतला आणि त्या तुकड्याचं सांगून टाकलं.

आईच म्हणाली, "काय गो, इचारायचा तरी ना." म्हणाली आणि आत गेली.

आई गेल्यावर तिने विचारलं, "काय दिसतं त्यात? सांगा मला."

मी फोन समोर धरला आणि सांगू लागले. तुम्ही खिडकीपाशी बसलायत. डावीकडून उजेड आहे. हेडफोन एका कानावरून जरा सरकलाय. उजवा हात बटणावर आहे, पण तुम्ही ते फिरवत नाही, नुसतं धरलंय. ओठ किंचित हलतायत.

"मी बोलतेय काही?"

"नाही. कोणाच्या तरी बरोबर मनातल्या मनात बोलताय असं वाटतं."

"तोंड उघडं आहे?"

"थोडंसं."

"ऑफिसातपण सांगतात मला. पुढे?"

दहा सेकंदांचा तुकडा मी पुन्हा पुन्हा लावत होते आणि सांगत होते. चहा निवून गेला. ती मध्येच प्रश्न विचारायची. मागे कोण आहे? काका. ते काय करतायत? तुमच्याकडे बघतायत. कसे? हे सांगणं मला सगळ्यात कठीण गेलं. मी म्हणाले, "कोणाला तरी काही द्यायचं असतं आणि तो दुसरंच काही मागतो, तसं."

मग ती म्हणाली, "आता काढून टाका तो."

मी काढून टाकला. "काढला," म्हणाले.

"काढला ना नक्की?"

"हो. म्हणजे, मी सांगतेय एवढंच."

"बरं," ती म्हणाली. ते "बरं" घेऊन मी खाली उतरले. बसमध्ये लक्षात आलं की फोनमध्ये काढून टाकलेल्या गोष्टी आणखी महिनाभर एका वेगळ्या कप्प्यात पडून राहतात. तो कप्पा शोधायला मला दोन स्टॉप लागले. तिथूनही काढला आणि तिला फोन करून सांगितलं की मघाशी म्हणाले तेव्हा खरं म्हणजे निघाला नव्हता, आता निघाला. ती म्हणाली, "ताई, तुमचं काही खरं नाही." त्याआधी ती मला मॅडम म्हणायची.

सेक्रेटरी माझ्यावर रागावले. दोन रविवार माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी रील पुन्हा वर टाकलं, या वेळी चौकोनी आकारात आणि वर संगीत लावून. त्याचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

तिने दरम्यान आम्हाला कोणाला न सांगता आपल्या ऑपरेटरांच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं काही बोलून पाठवलं होतं. काय बोलली, मी अजून ऐकलेलं नाही. पण ते ऐकून उल्हासनगरचे एक निवृत्त ऑपरेटर आणि ठाण्याची एक बाई, असे दोघं जण आले आणि येत राहिले. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे ऑडिओ चालतो का? नक्की कशामुळे आले ते विचार ना." मी विचारलं. उल्हासनगरचे गृहस्थ म्हणाले, "ती म्हणाली, तिथे चहा चांगला मिळतो." ठाण्याच्या बाई म्हणाल्या, "तिने बोलावलं म्हणून आले." यातून कोणता फॉरमॅट काढायचा?

तिने परीक्षा दिली. लेखनिकाला तिने प्रश्न दोनदा वाचायला लावले आणि उत्तरं एकदाच सांगितली, असं तीच म्हणाली. पास झाली. मग अर्ज, पोलिसांची पडताळणी, आणि लांबच लांब वाट बघणं. परवाना आला तेव्हा काका आजारी होते. टिटवाळ्याला जाऊन तिने तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं तिचं हवेवरचं नाव, पलंगाच्या कडेवर बोटाने मोर्समध्ये वाजवलं. ती म्हणाली, "काका, शेवटचं अक्षर चुकलं." ते म्हणाले, "बरोबर आहे का ते बघत होतो." चुकले होते की खरंच बघत होते, मला नाही कळलं.

आता प्रश्न होता तिच्या घरी अँटेना लावायचा. सोसायटीने गच्चीला नकार दिला, खिडकीच्या ग्रिलवर चालेल म्हणाले. मी चार जणांना फोन केले, कोणी मोकळं नव्हतं. शनिवारी सकाळी मी स्वतःच पान्हे घेऊन बाळकुमला गेले, तर दार सेक्रेटरींनी उघडलं. हातात ड्रिल, केसांवर चुन्याची धूळ. तिनेच त्यांना बोलावलं होतं. दोघांचं कधी बोलणं झालं, काय झालं, कोणी सांगितलं नाही.

तिची आई खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत होती. "रंग गेल्याच वर्षी दिलाय," एवढंच म्हणाली.

"वायर आत घ्यायला कुठे पाडू भोक?" सेक्रेटरींनी विचारलं.

ती उठली, ग्रिलपासून भिंतीवर हात फिरवत आली, खिडकीच्या चौकटीखाली चार बोटं मोजली आणि तिथे अंगठा टेकला. "इथे. आत विटा आहेत, वर पोकळ वाटतं."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला काय माहीत? ते म्हणाले, "अंगठा काढा." तिने काढला. तिथे भिंतीवर थोडा ओलसर ठसा राहिला होता, त्यावरच त्यांनी ड्रिलचं टोक ठेवलं. मी स्टूल धरून उभी राहिले.